फिरत्या शालीतली तुझी पट्टी

शालन, तुझी पट्टी मी उसवली. मुद्दाम नाही, पण उसवली. आधी तेच सांगतो, म्हणजे बाकीचं बोलायला तोंड मोकळं होईल.

तुझ्याकडे यायची ती मुक्ता म्हणाली, काका, मावशींसाठी क्रोशाच्या ग्रुपवर दोन शब्द लिहा. दोन शब्दांत मला कधी काय जमलंय? वर म्हणाली, ग्रुपात नव्या बायका आल्यात, त्यांना मागचं ठाऊक नाही, जरा नीट सांगा. म्हणून तुला ठाऊक असलेलं तुलाच परत सांगावं लागणार आहे. ऐकून घे. तसाही मी एकच गोष्ट चारदा सांगतो असं तू म्हणायचीस.

तू गेलीस, तुझी क्रोशाची पिशवी दाराआड खिळ्याला तशीच होती. पोरगा म्हणाला, बाबा, आईच्या वस्तू आवरून ठेवू. मी म्हटलं, हात लावू नकोस, मी बघतो. तो डोंबिवलीला गेला आणि मी पिशवीकडे बघत बसलो. बघून बघून किती बघणार? माझ्या हाताला काही तरी लागतं. काढली पिशवी. आत शाल, शालीत अडकवलेली सुई, आणि हिरव्या लोकरीचा धागा सगळ्या पिशवीभर. सुई काढून बाजूला ठेवली. टोचेल कुणाला म्हणून. मग धागा गोळा करायला लागलो.

माझी सगळी ज्वानी गिरणीच्या रिंगखात्यात गेली. सूत तुटलं की सांधायचं, सुटं दिसलं की गुंडाळायचं. डोकं दुसरीकडे असलं तरी हात चालतो. माझं डोकं तुझ्याशी भांडण्यात होतं, की एवढा ताप होता तर आधी का नाही बोललीस. हात गुंडाळत होता. लोकरीचा गुंडा मोठा झाला. मला वाटलं, बरीच लोकर उरवली हिनं. धागा हाताला कुरळा लागत होता, तरी डोक्यात उजेड पडेना. मग खाली बघितलं तर हिरवी पट्टी संपत आलेली.

"अगं, हे बघ काय झालं!" म्हणून ओरडलो मी. सवयीनं. गॅलरीतून समोरच्या खोलीतली म्हातारी डोकावली, "काय झालं भाऊ?" काही नाही म्हटलं.

आमचं सूत तुटलं की तिथंच थांबतं, गं. तुझं हे क्रोशाचं काम असलं कसं, की एक टाका सुटला की मागचे सगळे त्याच्यामागून रांगेनं चालू पडतात? खालच्या दोनच ओळी राहिल्या. शेवटचा टाका बोटात धरून बसलो. सोडला असता तर तोही गेला असता. मग तुझ्याच डबीतली सेफ्टी पिन त्यात घातली.

आता त्या नव्या बायकांसाठी. शालन या ग्रुपात आली ती चाळीतल्या एका पोरीमुळं. पोरीनं फोन हातात दिला आणि म्हणाली, आजी, तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत यात. क्रोशा करणाऱ्या बायका, गावोगावच्या, आणि दोन-तीन पुरुष. त्यातला एक रिटायर पोलीस, तो फक्त टोप्या करतो. सकाळचे फुलांचे फोटो टाकायचे नाहीत, देवाचे नाहीत, पुढाऱ्यांचे नाहीत. फक्त आपण केलेलं काम टाकायचं. मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, एकमेकींची तोंडं बघितली नाहीत आणि टोपड्यांचे फोटो बघताय.

"तोंडं काय बघायची," तू म्हणालीस. "तुमचं रोज बघते, त्यात काय नवीन निघालं?"

आणि तो तुमचा नियम. काम चुकलं आणि मोठं उसवायची पाळी आली, तर एकटीनं उसवायचं नाही. दुसरीनं फोनवर बसायचं. तू एकदा फोन कानाला लावून खुर्चीत बसलेलीस, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, वाईट बातमी आहे.

"काय झालं? बोलत का नाहीस?"

तू हातानं मला गप्प केलंस. "कऱ्हाडची संगीता उसवतेय."

"मग तू काय करतेस?"

"बसलेय तिच्यासोबत."

"फोनवर?"

"मग कऱ्हाडला जाऊ?"

मी गॅलरीत जाऊन लोकांना सांगितलं, आमची येडी झाली. लोक हसले. तुझा भात करपला त्या दिवशी, आणि तूही हसलीस.

मुक्ता आली त्यानंतर. तिचा कॉलेजातला मोठा अभ्यास होता. एकाच गोष्टीची आवड असलेली माणसं फोनवर जमतात, तर ती आपसात वागतात कशी, हा विषय. मला म्हटलं तर खरंच वाटेना. म्हटलं, पोरी, याला अभ्यास म्हणतात? मग आमच्या नळावर ये सकाळची, फुकटात डॉक्टर होशील.

"नळावर कुणी कुणाला सोडून जाऊ शकत नाही, काका," ती म्हणाली. "तिथं राहावंच लागतं. इथं बोट दाबलं की माणूस बाहेर. तरी का राहतात, ते मला बघायचंय."

पोरगी हुशार, पण मला ते पटलं नव्हतं. तू मात्र तिला चहा दिलास आणि विचारलंस, "सुई धरता येते?"

"नाही."

"मग काय कळणार तुला? आधी साखळी शिक."

शिकवलीस तिला. साखळी, मुका खांब, खांब, सगळे टाके. तिची साखळी म्हणजे वेडंवाकडं गटार. तू तोंडावर सांगितलंस तसं. तरी ती येत राहिली. एकदा मला म्हणाली, "काका, मावशी सगळ्यात जास्त कुणाला उत्तर देतात, तुम्ही बघितलंय?"

"मला काय करायचंय बघून?"

"ज्याला कुणीच उत्तर दिलेलं नसतं त्याला. कुणी काही तरी विचारतं, मग शांत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मावशी येतात. कधी कधी त्यांनाही उत्तर माहीत नसतं. मग लिहितात, मला येत नाही, पण मी बघितलंय तू काय विचारलंस ते."

मी म्हटलं, हो, रिकामी आहे ना ती. मुक्ताला माझी भाषा कळायला वेळ लागला.

आपलं भांडण मात्र त्या ग्रुपावरून एकच होतं आणि ते मिटलं नाही. ग्रुपात तुझं नाव 'शालन लालबाग'. नलिनीताई 'नलिनी ठाकूरद्वार'. सगळ्यांचं तसंच, आडनावाच्या जागी गाव नाहीतर वस्ती. मी म्हणायचो, शालन, त्यांना एकमेकींची आडनावं बोलण्यावरून कळत असतील. तुझंच तेवढं कळलेलं नसेल, आणि म्हणून सगळं गोड चाललंय. एकदा लिही आपलं आडनाव आणि बघ किती जणी उत्तर देतात.

"मला काय गरज?"

"गरज नाही, पण बघ."

"तुमच्या मनात एकच सूत, तेच कातत बसा."

मग मी माझ्या बापावर जायचो. बाप गिरणीत लागला तेव्हा आपल्या माणसाला कापड विणायच्या खात्यात उभं करत नसत. मागावरच्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि आपल्या तोंडचा धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार? म्हणून बाप रिंगखात्यात, आणि त्याच्यामागून मीही रिंगखात्यात. सूत आम्ही काढायचं, कापड त्यांनी विणायचं. माझ्या वेळेला तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण खातं तेच राहिलं. आणि तू म्हातारपणी त्यांच्याच बायकांबरोबर विणायला बसलीस.

"ते तोंडानं ओढायचे, मी सुईनं ओढते. झालं?" असं म्हणून तू उठून जायचीस. भांडण तिथंच राहायचं. आता कुणाशी पुढं करू, सांग.

शालीची कल्पना नलिनीताईंची. एक शाल घरोघर फिरवायची. जिच्याकडे जाईल तिनं आपल्या आवडीच्या रंगात वीतभर पट्टी विणायची आणि पुढं पाठवायची. पट्टी शिवायची नाही, आधीच्या पट्टीच्या शेवटच्या टाक्यात सुई घालून पुढं चालू करायची, म्हणजे सांधा दिसत नाही. बाहेरगावी कुरियरनं, मुंबईत हातोहात. शेवटी शाल कुणाला द्यायची यावर ग्रुपात अजून वाद चालू आहे, तो माझ्या मरणापर्यंत चालेल. ठाकूरद्वारहून शाल आपल्याकडे आली, नलिनीताईंची पट्टी विटकरी. तू हिरवी लोकर आणलीस, कोथिंबिरीसारखी. मी म्हटलं, निळी घे की.

"निळा तुमच्या मंडळाला. मला हिरवा आवडतो."

पन्नास वर्षांचा संसार, आणि तुला हिरवा आवडतो हे मला लोकरीवरून कळलं.

तुझ्यानंतर पाळी मुक्ताची होती. ती तुझी जबरदस्ती. ती म्हणत होती, मावशी, मी अभ्यास करणारी, मला यात हात घालता येत नाही, बाहेरून बघायचं असतं. तू म्हणालीस, "हात घालायचा नाही तर बघूही नकोस. चाळीत जो बघतो त्याला कामाला लावतात." ती नाही म्हणाली. तू हो म्हणवून घेणार होतीस. तेवढ्यात ताप आला, आणि ते पण तसंच राहिलं.

तर मी पट्टी उसवून बसलो. कुणाला सांगू? विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं आली, जेवली, गेली. कुणाशीही बोलावं तर तुझं चांगलंच बोलायचे. मला चांगलं ऐकायचं नव्हतं. मला कुणी तरी सांगायला हवं होतं की ही पट्टी परत कशी करायची. शेवटी शाल आणि तो कुरळा गुंडा पिशवीत घातला आणि ठाकूरद्वारला गेलो. विचारत विचारत वाडी सापडली. जिना चढताना मनात म्हटलं, चल, बघू तुझी माणसं.

नलिनीताईंनी दार उघडलं. उंच बाई, माझ्याएवढी. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "शालनचे मिस्टर. आवाजावरून ओळखलं. फोनवर मागून ओरडताना पुष्कळ ऐकलंय तुम्हाला."

आत त्यांचे थोरले भाऊ खुर्चीत बसलेले, कानाला यंत्र. त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणालो नव्हतो. मग म्हणालो. मोठ्यानं, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

ते म्हणाले, "बरं, बरं," आणि पेपर वर केला.

चहा आला. मी कप बघितला. खोटं कशाला बोलू, बघितलाच. ताईंच्या हातातला आणि माझा एकाच संचातला होता, सोनेरी काठाचा. बघितल्यावर माझीच मला चीड आली, आणि पुन्हा वाटलं, न बघून कसं चालेल? आयुष्यभर बघत आलो.

पिशवीतून शाल काढली. ताईंनी दोन ओळी बघितल्या, पिन बघितली, गुंडा हातात घेतला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकट्यानं उसवलीत?"

"मला काय ठाऊक ती उसवते म्हणून."

मग ताई जे बोलल्या ते तुला विचारायचं आहे, शालन. तू मला हे का नाही सांगितलंस?

शाल सुरू करायच्या वेळेला कुणी तरी ग्रुपवर लिहिलं, कोपऱ्यात प्रत्येकीनं 'श्री' विणू या, शुभ असतं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. आणि तू लिहिलंस, "माझ्या पट्टीत नको. आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही आपापल्या पट्टीत विणा, माझी काही हरकत नाही." खाली आडनावासकट पूर्ण नाव.

"मग?" मी विचारलं.

"मग कुणीच काही लिहिलं नाही," ताई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत. मीही नाही. खरं सांगते, काय लिहावं कळेना मला. एकीनं लिहिलं, मला वाटलंच होतं. मग जी जुंपली! शालन एक अक्षर बोलली नाही त्यात. दोघी ग्रुप सोडून गेल्या. एक माझी चुलत बहीण. अजून बोलत नाही माझ्याशी."

"आणि 'श्री'?"

"कुणीच नाही विणला."

मी शाल उलटी-सुलटी करून कोपरे बघितले. नव्हता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी," ताई म्हणाल्या, "कुणा नव्या मुलीनं विचारलं होतं, खांब सैल का होतोय. मी फोन उघडला तर शालनचं उत्तर आधीच होतं. सुई बारीक घे. एवढंच. त्यानंतर पुन्हा सगळं चालू झालं. मी तिला फोन करून माफी मागणार होते. केला, पण मागता नाही आली. ती म्हणाली, विटकरी रंग छान निवडलात."

मी जिना कसा उतरलो कळलं नाही. रस्त्यानं तुझ्याशी भांडत आलो, तोंडानं. लोक बघत होते. बघू देत.

तो दिवस आता मला सापडलाय. संध्याकाळी तू फोन पालथा घालून बसली होतीस. मी म्हटलं, "काय झालं? भांडली वाटतं तुझी माणसं?" तू म्हणालीस, "नाही. डोळे दुखतात." मी दुकानातून डोळ्यांचे थेंब आणले. तू ते घालूनही घेतलेस. डोळे दुखत नव्हते तर थेंब कशाला घातलेस, शालन?

मला ठाऊक आहे का नाही सांगितलंस. मी म्हणालो असतो, बघ, दोघी गेल्या ना? मी सांगत होतो. मी म्हणालोच असतो. आणि तू म्हणाली असतीस, बाकीच्या राहिल्या, त्या मोजा. आणि मी म्हणालो असतो, राहिल्या त्या संध्याकाळपर्यंत गप्प होत्या, ते कुणी मोजायचं? यावर तू काय म्हणाली असतीस ते मला सुचत नाही. तिथं येऊन मी अडकतो. रोज अडकतो. भांडायला दोन माणसं लागतात, आणि तुझं बोलणं मी तरी किती दिवस मनानं जुळवू?

ताईंकडे मी खरं तर त्यांच्याकडून पट्टी परत करून घ्यायला गेलो होतो. त्या तयार होत्या. म्हणाल्या, "लोकर आहेच. शालनचा हात मला माहीत आहे, हुबेहूब करून देते." सुई घेतली, चार टाके बाजूला करूनही दाखवले. खरंच तुझ्यासारखे दिसत होते. तेच मला सहन झालं नाही. म्हटलं, बाई, नको. तुमचा उपकार आहे, पण तिच्यासारखं दुसऱ्यानं केलेलं मी बघू शकणार नाही. दोन ओळी आहेत, त्या तिच्या आहेत. तेवढ्याच राहू देत.

"पण प्रत्येकीची वीतभर ठरली आहे."

"ती वीतभर जगली नाही, त्याला मी काय करू?"

हे जरा जास्त झालं. त्या खिडकीकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "ग्रुपला विचारावं लागेल."

"विचारा."

विचारलं त्यांनी. तुझा फोन माझ्याकडे होता, पोरानं उघडून दिलेला. मी चष्मा लावून वाचत बसलो. मुक्ता अभ्यास करते तसा मीही केला, असं समज. कुणी लिहिलं, राहू द्या दोन ओळी. कुणी लिहिलं, बिचारं वाटेल, तेवढी एक पट्टी बारीक दिसेल. तो टोप्यावाला पोलीस म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. एकीनं सुचवलं, उरलेल्या जागेत काळी पट्टी घालू, दुःखाची खूण. मी तुझ्या फोनवरून लिहिलं, काळं-बिळं काही नको, ती हसरी बाई होती. लिहिल्यावर लक्षात आलं, वर तुझं नाव उठलं. 'शालन लालबाग' म्हणतेय, ती हसरी बाई होती. सगळा ग्रुप गार पडला. मग मी घाईघाईनं खाली लिहिलं, मी तिचा नवरा आहे, घाबरू नका. तू असतीस तर लोळून हसली असतीस.

आणि कुणी तरी विचारलं, काकांनी एकट्यानं उसवली का?

त्याला मी उत्तर दिलं नाही. फोन ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. माझी भाकरी तुला माहीत आहे. फोन वाजला. पिठाच्या हातानं घेतला.

"काका, मी संगीता. कऱ्हाडहून."

"बोल बाई."

"काही नाही. तुम्ही उसवलं तेव्हा सोबत कुणी नव्हतं ना? म्हणून केला."

"अगं, ते कधीच झालं उसवून. आता काय उपयोग?"

"असू दे. बसते थोडा वेळ."

आणि बसली. बोलेना. मीही बोलेना. तिच्या मागं कुठं तरी म्हैस ओरडत होती, कुकरची शिट्टी झाली. तव्यावरची भाकरी जळली, तसाच उभा राहिलो. तू गेल्यापासून सगळ्यांसमोर माझे डोळे कोरडे होते, पोरगा काळजीत पडला होता. त्या न बघितलेल्या बाईसमोर ते वाहिले. तिला कळलं असणार. तिनं 'रडू नका' म्हटलं नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ठेवू?" मी म्हटलं, ठेव.

मी तुला येडी म्हणालो होतो. गॅलरीत, लोकांसमोर. ते शब्द मी मागं घेत नाही, कारण तू येडीच होतीस. पण तशी अजून एक कऱ्हाडला आहे.

ग्रुपचं ठरलं शेवटी. दोन ओळी राहायच्या. पोलिसानं अंगठा दाखवला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

मग मुक्ता आली. दुपारची, ऊन गॅलरीत अर्ध्यापर्यंत आलेलं. पिवळी लोकर आणली होती तिनं, पण पिशवीतून बाहेर काढेना. आधी म्हणाली, काका, एक परवानगी हवी. मावशींनी लिहिलेलं मला अभ्यासात घालायचंय. तो 'श्री'चा वाद पण. त्यांनी मला हो म्हटलं होतं, पण आता तुम्हाला विचारायला हवं.

"घाल की. चांगलं ठळक घाल. आडनावासकट."

ती खाली बघायला लागली. "नाव घालता येत नाही, काका. नियम आहे. सगळ्यांची नावं बदलायची असतात, कुणाला त्रास होऊ नये म्हणून."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, अगं, त्या बाईनं एवढ्या माणसांत एकटीनं आपलं नाव लिहिलं, आणि तुम्ही पुस्तकात ते पुसणार? मग वेगळं काय केलंत? वाटेल ते बोललो. पोरीचे डोळे भरले, पण ती हलली नाही. म्हणाली, "मी सरांशी भांडेन. पण शब्द देत नाही. आणि ऐकलं नाही, तर दुसरं नाव तुम्ही द्यायचं. मी नाही देणार."

तुला दुसरं काय नाव द्यायचं? मी अजून विचार करतोय. सुचत नाही. सुचायला नकोच आहे.

चहा केला मी. बेकार झाला, तरी ती प्यायली. मग शाल मांडीवर घेतली. म्हणाली, "काका, मी खरं तर यात हात घालायला नको. अभ्यासाच्या दृष्टीनं चुकीचं आहे."

"मग नको घालू. दुसरीकडे पाठवू."

"नाही," ती म्हणाली, आणि लोकर काढली.

पिन सोडली तिनं. टाका दोन बोटांत धरला. तेवढा हिरवा फास, बोटाच्या पेराएवढा, उघडा. इतके दिवस तो उघडा होता, शालन, आणि मला काय वाटायचं सांगू? वाटायचं, ही मधेच उठून पाणी भरायला गेलीय. येईल, बसेल, पुढं चालू करेल. म्हणून मी पिशवी परत त्याच खिळ्याला लावायचो, तुझ्या हाताला लागेल अशी. आता त्यात पिवळं गेलं की तो बंद होणार. मग तू उठून कुठं गेलीयस असं मला म्हणता येणार नाही.

मुक्तानं पिवळा धागा बोटाला गुंडाळला. सुई टाक्यात घातली, धागा वर घेतला, आणि माझ्याकडे बघितलं.

"थांब," मी म्हणालो.

ती थांबली. घाई केली नाही. समोरच्या म्हातारीनं दारातून बघितलं आणि ती पण उभी राहिली.

मग मी म्हटलं, "कर चालू."